गेल्या हंगामाची वाट

दोन वर्षांपासून सत्यवान तांडेलाच्या डोळ्यांवर साय धरली होती, आणि हे त्याने बायकोलाही कळू दिलं नव्हतं. दिसत नाही म्हटलं की होडी हातातून सुटणार, मग किनाऱ्यावर जाळी विणत बसायचं. त्यापेक्षा मरण बरं, असं त्याला वाटे. म्हणून त्याने जीपीएस घेतला. वेंगुर्ल्यातले लोक हसले. ज्याने जन्मभर डोंगर आणि देवळाचा कळस बघून होडी हाकली, त्याला म्हातारपणी हे कसलं खूळ! सत्यवानही ते हसण्यावारी नेई. त्या यंत्राची डबी नाकाशी धरली की आधीच्या फेरीच्या वाटेची तिच्यावरची जाड काळी रेघ तेवढी त्याला दिसे. तिच्यावरून तो जाई आणि तिच्यावरूनच परत येई.

पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वाळू जागा बदलते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. हंगाम सुरू झाला की होडी हाकणारा तांडेल आधी पाण्याचा रंग बघतो, लाट कुठे फुटते ते बघतो आणि मग नवी वाट ठरवतो. सत्यवान बघणार कशाने? त्याने गेल्या हंगामाची रेघ लावली. जाताना भरती होती, होडी निभावली. ओहोटीला परतताना त्याचा पुतण्या गुरुदास जाळ्यातले बांगडे सोडवत होता. त्याने मान वर केली.

"काका, फुडे पाणी पांढरा दिसता."

"वाट बरोबर आसा. तू तुझा काम कर."

काकाच्या शब्दावर विसंबून गुरुदास पुन्हा जाळ्याकडे वळला. होडी वाळूवर आदळली, मागची लाट तिच्यावर चढली आणि होडी उलटली. सत्यवान कसाबसा काठाला लागला. गुरुदासला लोकांनी होडीखालून काढलं, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमली. जो तो यंत्राला शिव्या घालत होता. त्या मेल्या डबीने घात केला, यात तांडेलाचा काय दोष, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सत्यवानाला स्वतःची शरम वाटत होती, तरी तो गप्प बसला. अजून थोडा वेळ गप्प बसला असता तर सगळं निभावलं असतं.

एवढ्यात गुरुदासची बायको यशोदा आतून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"काका, यंत्राक कळूक नाय, ता माका समाजला. पण फुटणारी लाट तुमका दिसूक नाय?"

सत्यवानाने आवाजाच्या दिशेने तोंड वर केलं.

"गो, आता तुझा तोंडसुद्धा माका दिसणा नाय."