डाव्या कर्ण्याचा पोचा

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या सपाट मुलखात कॅराबुल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. माझा रंग लाल आहे, कमरेला रुपेरी पट्टा आहे आणि डोक्यावर भोंग्याचे दोन पितळी कर्णे आहेत. त्यांतला उजवा अगदी गुळगुळीत आहे. डाव्याला मुठीएवढा पोचा आहे. मला बघायला येणारी मंडळी हळहळतात, 'एवढं सगळं झकपक केलं, आणि तेवढंच राहून गेलं!' म्हणतात. ते राहून गेलेलं नाही. हेच सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात आम्ही पंचवीस भावंडं जन्मलो. मी सतरावा. पंचवीसच्या पंचवीस एका मापाचे, एका रंगाचे, एका आवाजाचे. नव्या रंगाचा वास अंगाला असतानाच मी कॅराबुलला आलो, तेव्हा शेडमधल्या वाफेच्या इंजिनांनी मला पाहून नाकं मुरडली. मीही काही कमी नव्हतो. ना कोळसा, ना पाणी, बटण दाबलं की मी तयार! फार मिजास होती मला त्या दिवसांत.

ती मिजास उतरवली माझ्या चालकाने. त्याचं नाव लेस्टर नित्स्के, पण सगळे त्याला लेस म्हणत. अंगाने आडवा, चालायला सावकाश. बोलायचा कमी, गुणगुणायचा जास्त. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या दांडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हे बघ गड्या, तू नवा आहेस हे मला दिसतंय. ओरडून सांगायची गरज नाही."

आम्ही गहू ओढायचो. डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, कापणी जोरात असे. दुपारी पुढचे रूळ पाण्यात बुडालेले दिसायचे. जवळ जावं तसं ते पाणी मागे सरकायचं. वर्षानुवर्षं मी त्या पाण्याकडे धावलो. ते कधी हाती लागलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. डोक्यावर नुसतं आभाळ, दोन्ही बाजूंना पिवळं रान, मध्येच तारेवर बसलेले गुलाबी काकाकुवे. लेसची बायको थेल्मा त्याला खिमा भरलेल्या पेस्ट्या बांधून द्यायची. तो त्या माझ्या तापलेल्या अंगावर ठेवून गरम करायचा. मला गव्हाच्या वासाइतकाच तो वासही आवडायचा.

लेस आणि थेल्माचं घर कॅराबुलच्या अलीकडे, मुंडारूच्या क्रॉसिंगला लागून होतं. तिथे फाटक नव्हतं, म्हणून भोंगा वाजवायचा नियम होता. नियम एका लांब आवाजाचा. लेस त्याला दोन आखूड जोडायचा. एक लांब, दोन आखूड. याचा अर्थ होता, बटाटे भट्टीत घाल. तिथून कॅराबुलला जायचं, डबे सोडायचे, मला शेडमध्ये लावायचं, वहीत सही करायची आणि आपल्या खटारा मोटारीतून घरी परतायचं, याला लेसला पाऊण तास लागे. बटाटे भाजायलाही तेवढाच वेळ लागे.

एकदा तपासनीस साहेब आमच्याबरोबर होते. त्यांनी विचारलं, "हे दोन आखूड कशासाठी?"

"मेंढ्या होत्या, साहेब."

"कुठे आहेत मेंढ्या?"

"गेल्या ना. भोंगा ऐकून."

पण या बटाट्यांची बातमी शेडभर झाली आणि बाकीच्या चालकांना खेळ मिळाला. माझी भावंडं घेऊन जाताना तेही मुंडारूला तसंच वाजवू लागले. आमचे आवाज सारखे, थेल्माला काय कळणार? एका आठवड्यात तिने तीनदा बटाट्यांचा कोळसा केला. लेसचा सहचालक बर्नी मॅकइनर्नीही, दुसऱ्या इंजिनावर पाळी असली की, त्या टोळीत सामील व्हायचा. थेल्माने त्याला चर्चच्या दारात गाठलं. "बर्नी, पुन्हा वाजवलंस ना, तर तो कोळसा डब्यात भरून तुझ्या आईकडे पाठवीन. म्हणावं, लेकाने कमावलाय."

आणि मग तो पोचा पडला. कापणीचे दिवस होते, गव्हाच्या कोठाराखाली मी उभा होतो. वरच्या माणसाने डब्यांत गहू ओतायची लोखंडी पन्हळ घाईने खाली सोडली आणि ती सरळ माझ्या डाव्या कर्ण्यावर आदळली. त्या संध्याकाळी मुंडारूला माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याची मला स्वतःलाच लाज वाटली. सुरुवातीला घोगरा आणि शेवटी खाली घसरून थरथरणारा.

दुसऱ्या दिवशी लेस कामावर आला तो हसतच. बर्नीला म्हणाला, "थेल्मा म्हणाली, 'तुझ्या इंजिनाला सर्दी झालीय का रे? आता मला कुणी फसवून दाखवावं!'"

इंजिनात काही बिघडलं तर चालकाने ते दोषांच्या वहीत लिहायचं असतं. लिहिलं की फिटर येतो आणि दुरुस्त करतो. लेस नियमाचा पक्का माणूस, सैल झालेला एक खिळासुद्धा लिहायचा. पण डाव्या कर्ण्याबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नाही. पुढची सतरा वर्षं मी त्याच घोगऱ्या आवाजात बटाट्यांचा निरोप देत राहिलो, आणि हळूहळू मला तो आवाज माझा वाटू लागला. पंचविसांत एकच तसा होता, आणि तो मी होतो.

निवृत्तीला तीन वर्षं असताना, एका रविवारी लेस टोमॅटोच्या रोपांना पाणी घालताना वाफ्यातच कोसळला. सोमवारी मला न्यायला बर्नी एकटाच आला. त्याने सीटवरची लेसची उशी उचलून बाजूला ठेवली, थोड्या वेळाने पुन्हा जागेवर ठेवली. मला फार एकटं वाटलं, मित्रांनो.

दफन झाल्यावरच्या पहिल्या फेरीत मुंडारू आलं. बर्नीचा हात दोरीवर थांबला. त्याने नियमाचा एक लांब आवाज दिला आणि मान फिरवून घेतली. तसं तो चार दिवस करत राहिला. पाचव्या दिवशी शेडमधला फोन वाजला.

"बर्नी, दोन आखूड कुठे गेले?"

"थेल्मा, मला वाटलं... तुला त्रास होईल."

"नवरा गेलाय माझा, भूक नाही गेली. चार दिवस मी नऊ वाजता जेवतेय. वाजव उद्यापासून."

बर्नीने वाजवलं. पुढे नऊ वर्षं मला जो जो चालक नेई, त्याला बर्नी आधी बजावून ठेवी. त्या घोगऱ्या आवाजावर थेल्मा एकटीसाठी बटाटे भाजत असे. कधी कधी ती कुंपणाशी उभी असायची, आणि आम्ही पुढे निघून गेल्यावरही तशीच उभी राहायची.

मग आमच्याहून दुप्पट ताकदीची इंजिनं आली. माझी भावंडं एकेक करून भंगारात गेली. गहू मोठ्या ट्रकमधून जाऊ लागला, आमचा फाटा बंद झाला आणि मला आडमार्गाच्या रुळांवर उभं करून सगळे घरी गेले.

बारा वर्षं मी तिथे उभा होतो. पहिली दोन वर्षं मला रोज वाटायचं, आज कोणीतरी येईल. नंतर वाटणंही बंद झालं आणि मी स्वप्नं बघू लागलो. चाकांत वाळलं गवत वाढलं. पाकोळ्यांनी माझ्या छपराखाली घरटी केली, त्यांच्या चार पिढ्या माझ्या देखत उडाल्या. दुपारी पुढे ते पाणी दिसायचं आणि मी उभ्या जागीच त्याच्याकडे धावायचो. लेस गुणगुणायचा. पेस्टीचा वास यायचा. मुंडारू यायचं, मी एक लांब आणि दोन आखूड द्यायचो, आणि कुठेच काही वाजायचं नाही.

अखेर गावातल्या रेल्वेवेड्या मंडळींनी मला उचललं. त्यांचा म्होरक्या क्लाइव पेंगेली. दुसऱ्या गावाहून आलेला निवृत्त फिटर, हाताचा देव आणि स्वभावाचा काटा. त्याच्याकडे कारखान्याची मूळ रेखाचित्रं होती. "जन्माला आला त्या दिवशी होता, अगदी तस्सा करायचा याला," तो म्हणायचा. सहा वर्षं त्याने आपले शनिवार-रविवार मला दिले. माझा गंज काढला, तारा बदलल्या, लाल रंगाची छटा जुळवायला अकरा वेळा रंग कालवला. त्याचे उपकार मी कसे विसरेन?

पण एके दिवशी त्याची नजर डाव्या कर्ण्यावर गेली. "हे काय ध्यान!" म्हणत त्याने तो उतरवला. बर्नीला बोलवा, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण भोंग्याला हवा लागते आणि माझ्या टाक्या रिकाम्या होत्या. बर्नी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात होता. तीन आठवडे ठोकून क्लाइवने तो पोचा असा काढला की बोट फिरवलं तरी कळू नये.

उद्घाटनाला मुंडारूपर्यंतचे रूळ मोकळे केले होते. मला चालवायला बर्नीच होता. वयाच्या सत्तरीला आलेला, पण टोपी तीच. थेल्मा आता सत्त्याऐंशीची होती, वृद्धाश्रमात राहत होती. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. वर्षभर तिचं एकच मागणं होतं, लेसचं इंजिन एकदा ऐकायचं आहे. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. म्हणून बर्नीने तिला क्रॉसिंगजवळ खुर्चीवर बसवून ठेवलं होतं.

मी आलो. पहिला भोंगा बर्नीने थेल्मासाठीच राखून ठेवला होता. बर्नीने दोरी ओढली. एक लांब, दोन आखूड. स्वच्छ, गोड, अगदी रेखाचित्रातला आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बर्नी गाडी थांबवून लंगडत तिच्याकडे गेला. थेल्मा हसली, सभ्यपणे, परक्याशी हसावं तशी. "छान आहे हो. कुठलं इंजिन हे?"

मित्रांनो, बारा वर्षांच्या गंजाने मला जेवढं दुखलं नव्हतं, तेवढं त्या एका प्रश्नाने दुखलं.

"थेल्मा, हे लेसचंच इंजिन," बर्नी म्हणाला.

"नाही रे. लेसच्या इंजिनाला सर्दी होती." आणि तिने पर्स उचलली. "चला, मला घरी सोडा कुणीतरी."

बर्नी क्लाइवकडे वळला. "डावा कर्णा. पोचा होता त्याला."

"होता ना! मी काढला. तीन आठवडे घालवले." क्लाइव अभिमानाने म्हणाला. मग बर्नीने त्याला बटाट्यांची गोष्ट सांगितली.

"रेखाचित्रात नाहीये तो," क्लाइव पुटपुटला. पण त्याचा चेहरा उतरला होता. खुर्चीतल्या बाईकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग तो आपल्या पेटीतून गोल तोंडाचा हातोडा घेऊन माझ्या छपरावर चढला.

बर्नी परत दोरीशी गेला. पहिला घाव घालताना क्लाइवने डोळे मिटून घेतले. बर्नीने दोरी ओढली.

"नाही," थेल्मा म्हणाली. "हा फार तरुण आहे."

पुन्हा घाव. पुन्हा भोंगा.

"याला नुसता खोकला झालाय."

"बाई, किती हाणू?" वरून क्लाइव ओरडला.

"हाण तू. नवराच आहे माझा, मला ओळखू येईल."

लोक हसले. सातव्यांदा सूर घोगरा झाला. आठव्यांदा तो शेवटी खाली घसरला. नवव्यांदा तो घसरला आणि थरथरला.

थेल्मा उठून उभी राहिली. तिने एक हात पुढे केला, कुंपण जिथे असायचं तिथे. आवाज रानात दूर जाऊन विरला तरी ती तशीच उभी होती.

"आला," ती म्हणाली. "अगं बाई, आणि मी अजून बटाटे घातलेच नाहीत."

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, तेलपाणी करा. पण एखादा पोचा दिसला तर हातोडा उचलण्याआधी जुन्या माणसांना विचारा. आम्हाला नव्यासारखं करताना आमचं आयुष्य पुसू नका.

त्या संध्याकाळी क्लाइवने माझ्या दोषांच्या वहीचं पहिलं पान उघडलं. जे लेसने सतरा वर्षं लिहिलं नव्हतं, ते त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: 'डावा कर्णा. पोचा आहे. दुरुस्त करू नये.'