छपरावरची खोटी ठोकाठोक

मित्रांनो, अमेरिकेच्या वाळवंटातल्या टूसॉन शहरात एका सपाट छपरावर पत्र्याचा गंजका पेटारा दिसतो ना, तो मी. एक जुना कूलर. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. जे सांगणार आहे ते मिरवण्यासारखेही नाही. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

कारखान्यात पत्रा कापून, वाकवून मला घडवले. पोटात पंखा आणि पाण्याचा छोटा पंप बसवला, बाजूंना लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या लावल्या. ताट्यांवर पाणी झिरपते, पंखा तापलेली हवा त्यांतून ओढतो आणि गार करून खाली घरात सोडतो. एवढेच माझे काम.

युसेबियो ब्राकामोंते आणि त्याची बायको देल्फिना यांनी लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मला विकत घेतले. युसेबियो शाळेची बस चालवायचा. दोरखंडाने ओढून त्याने मला छपरावर चढवले. त्यानंतर दर वसंतात तो शिडी लावून वर यायचा. जुन्या ताट्या काढायचा, तळाला धरलेला क्षाराचा पांढरा थर खरवडायचा, पंख्याला तेल द्यायचा. जूनच्या रखरखाटात पाहुणे दारात पाऊल टाकत आणि म्हणत, ‘‘अरे वा, तुमच्याकडे तर अजून पहाटच आहे.’’ युसेबियो वर आढ्याकडे बोट दाखवायचा. मित्रांनो, त्या बोटासाठी मी दिवसभर घरघरत राहायचो.

शेजारपाजारच्या घरांवर नवे एसी आले. माझे भाऊबंद एकेक करून भंगारात गेले. मी राहिलो, कारण युसेबियोचे हात माझ्यावर फिरत होते.

मग ते हात थरथरू लागले. गेल्या वर्षीच्या वसंतात तो वर आला आणि त्याला स्क्रू पकडता येईना. पाना दोनदा खाली पडला. तो माझ्याकडे पाठ करून छपरावर बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने हातोडी घेतली आणि माझ्या पत्र्यावर उगाच ठोकू लागला. खाली काम चालल्याचे ऐकू जावे म्हणून. मग उतरून म्हणाला, ‘‘झालं.’’ यंदाच्या वसंतातही तेच. मी मात्र पोकळ पेटारा. प्रत्येक ठोक्याला खणखणीत वाजलो. त्या आवाजाची मला आजही लाज वाटते.

मग मे महिन्यात माझी हवा कोंदट झाली, तिला कुजका वास येऊ लागला. माझे नळकांडे स्वयंपाकघराच्या आढ्यात उघडते, त्यामुळे तिथले बोलणे मला ऐकू येते.

‘‘म्हाताऱ्या, आपण घराची वॉरंटी घेऊ या,’’ देल्फिना तव्यावर तोर्तियाची पोळी उलटत म्हणाली. ‘‘दर महिन्याला थोडे भरायचे. काही बिघडलं की ते माणूस पाठवतात.’’

‘‘तो माणूस दारात आला की त्याचे पैसे वेगळे द्यायचे. आणि मग तो म्हणणार, हा भाग यात बसत नाही.’’

‘‘तुला सगळेच चोर वाटतात.’’

‘‘मी असताना माणूस कशाला?’’

‘‘तू असताना हा वास येतोय म्हणून.’’

दुपारी तिने कंपनीला फोन लावला आणि तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. फोनवरच्या बाईने सावकाश समजावले. मोटर किंवा पंप बिघडला तर दुरुस्ती त्यांच्याकडे. ताट्या बदलणे, साफसफाई घरच्यांनीच करायची. मग विचारले, ‘‘दरवर्षी देखभाल झालीय ना, मॅडम? नसेल तर पुढं दुरुस्ती नाकारली जाऊ शकते.’’

‘‘त्याची काळजीच नको,’’ देल्फिना म्हणाली. ‘‘माझा नवरा स्वतः करतो. एक वर्ष चुकलं नाही त्याचं.’’

‘‘चुकलं,’’ युसेबियो म्हणाला.

‘‘काय म्हणालास?’’

‘‘दोन वर्षं काही केलं नाही मी. हात चालत नाहीत. वर नुसता बसायचो.’’

‘‘आणि ती ठोकाठोक?’’

‘‘पत्र्यावर.’’

देल्फिनाने बाईंना नंतर फोन करते म्हणून सांगितले.

‘‘तू दमून उतरशील म्हणून मी चिंचेचं सरबत करून ठेवायचे,’’ मग ती म्हणाली.

‘‘हो. मी ते प्यायचो.’’

मित्रांनो, एवढ्या वर्षांत त्याचा इतका खचलेला आवाज मी ऐकला नव्हता.

वॉरंटीचे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरले. ‘‘सफाई आपणच करायची, तर पैसे कशाचे भरायचे? नको,’’ देल्फिना म्हणाली आणि त्याची जुनी विजार चढवून शिडीपाशी आली. युसेबियोने खाली वीज बंद केली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. शिडी हलत होती. ती वाऱ्याने हलत नव्हती हे आम्हा तिघांनाही माहीत होते.

रस्त्यावरून शेजारचा रोमुलो चालला होता. ‘‘काय युसेबियो, राज्य बदललं वाटतं?’’

युसेबियोने मान खाली घातली. मग वर करून म्हणाला, ‘‘मला जमत नाही आता. इकडे ये आणि शिडी धर जरा.’’

रोमुलो हसू विसरला. येऊन त्याने शिडी धरली.

देल्फिनाने वर येऊन माझे दार उघडले. आतला क्षार, काळ्या पडलेल्या ताट्या, सगळे तिच्या पुढ्यात आले. मला दार ओढून घ्यावेसे वाटले. खाली वाकून तिने विचारले, ‘‘आधी काय काढू?’’

‘‘पाण्याचा नळ बंद कर,’’ युसेबियो म्हणाला. ‘‘मग डावीकडची ताटी. खालून उचल. जोर लावू नकोस, ती आपोआप सुटते.’’

ती सुटली.

मित्रांनो, आम्हां जुन्या यंत्रांची निगा राखा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरात जो आमची निगा राखतो, त्यालाही कधीतरी विचारा, ‘‘यंदा जमेल ना?’’ तो लगेच ‘‘हो’’ म्हणेल. तरी तिथून उठू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसून राहा.