हलका झालो, तिथंच बिघडलं

मी फ्लायव्हील बोलतोय, मोटारसायकलच्या इंजिनातलं जड चाक. वळखलं न्हाईत ना? लोक टाकी चमकवतात, आरसा चमकवतात. मला कोण विचारतं!

माझं काम एकच. इंजिनानं दिलेला धक्का अंगात साठवायचा आणि पुढचा धक्का येईस्तोवर फिरत राहायचं. त्यासाठीच मी जड.

१९९६ साली प्रज्ञेशनं आमची जुनी गाडी घेतली ती बायकोसाठी. संध्या पुसेगावच्या शाळेत बाई. लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय लुळा पडलेला. गाडीला आधाराची दोन चाकं लावली, ब्रेक हातात आणला. फक्त किक तिला मारता येत नव्हती. सकाळी घरी प्रज्ञेश मारायचा, सुटताना शाळेचा शिपाई ग्यानबा. मधल्या नऊ किलोमीटरात इंजिन बंद पडू द्यायचं न्हाई, ही जबाबदारी माझी. म्हशी आडव्या येवोत की क्लच चुकीचा सुटो, मी घुमतच राहायचो. चार वर्षांत एकदाबी दगा दिला न्हाई. अहो, छाती फुगायची माझी!

मग धाकटा दीर बुद्धभूषण गॅरेजचं काम शिकून आला. वहिनीवर लई जीव त्याचा. "वैनी, तुमच्या पायाला एवढी जड गाडी काहून? हलकी करून देतो."

त्यानं मला इंजिनातून काढून लेथवर तासायला नेलं. लेथवाला रूपसिंग म्हणाला, "अरे, ये वजन काम का है." पण ऐकतो कोण! बोटभर लोखंड माझ्या अंगावरून उतरलं.

गाडी चटकन पळू लागली, सगळे खूश. पण चटकन पळणारं चटकन थांबतंबी. दुसऱ्याच दिवशी ओढ्याच्या चढावर शेळ्या आल्या, संध्यानं वेग कमी केला आणि मी गप झालो. अंगात काही साठलेलंच नव्हतं. अर्धा तास ती तशीच बसून. शेवटी दोन गडी आले, किक मारली आणि हसत म्हणाले, "बाई, नवऱ्याला संगं घेऊन फिरत जा." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आठवड्यात असं चारदा झालं. बुद्धभूषणनं स्लो, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची गती, वाढवून पाहिला, तर क्लच सोडताच गाडी उसळायची.

"उद्यापासून मीच सोडत जाईन तुला," प्रज्ञेश म्हणाला.

"चार वर्षं एकली जाऊन राहिले मी. कोणाच्या मागं बसायची न्हाई."

पण आता ती मागंच बसते. त्याला यायला उशीर झाला की शाळेच्या फाटकाशी थांबते.

बाबा बुद्धभूषण, उतरलेलं लोखंड परत चढत न्हाई. हिंगोलीच्या भंगारात माझ्यासारखंच एखादं न तासलेलं चाक पडलं असेल, ते आण. मला उपट, वितळव, काय बी कर. पण तिला एकलीला जाऊ दे.