अडलेलं उष्टावण

मनकर्णेनं बोट घालून लेकराच्या तोंडातली माती काढली. भिंतीचा पोपडा होता, ओला झालेला. उकंडानं तो गालात दडवून ठेवला होता. बोट आत शिरलं तरी तो चावला नाही, रडलाही नाही, नुसता बघत राहिला. चावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ओसरीच्या भिंतीला त्याच्या तोंडाच्या उंचीवर खळगा पडला होता. पांढऱ्या मातीनं पोतारलेली ती भिंत तो रोज थोडी थोडी खात होता. तिनं दोनदा खळगा लिंपला. लिंपण वाळायच्या आत तो पुन्हा तिथं जाऊन बसला. वीस महिन्यांचं पोर. माघात चालायला लागलं होतं, आता चैत्रात पुन्हा बुडावर सरकत होतं.

"दूध पाजलंस का त्याला?" तिच्या मायनं, द्वारकाबाईनं, शेळीच्या आडून विचारलं.

"पाजलं."

"मंग माती काहून खातो?"

मनकर्णेनं पदरानं त्याची जीभ पुसली.

तेवढ्यात लमाणांच्या तांड्यावरची नानीबाई सरपणाची मोळी घेऊन अंगणात आली. मोळी टाकून तिनं घाम निपटला आणि पाणी मागायच्या आधी पोराकडे पाहिलं. मग त्याच्यापुढे उकिडवी बसली. त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली, तळहात उलटा केला, नख दाबलं.

"रगत कुठं हाय ह्याच्यात? ताक भरल्यावानी दिसून राह्यलं."

"गोरं हाय ते," द्वारकाबाई म्हणाली. "बापावर गेलंय."

"बापाला म्या पायलाय बाजारात. तव्याचं बूड बरं त्याच्यापरीस." नानीबाई हसली नाही. "काय खातं हे?"

"दूध. शेळीचं, आन मायचं."

"आन भाकर?"

द्वारकाबाईनं शेळीचं दावं उगाच घट्ट केलं. नानीबाई मोळीवर बसली.

"अन्न न्हाई लावलं? येवढ्या पोराला? याडी, माय गं, आमच्या तांड्यात येवढाली लेकरं भाकरीपायी कुत्र्यासंग भांडतात."

"देवीचं लेकरू हाय," द्वारकाबाई म्हणाली. "तिच्यापुढंच उष्टावायचं हाय."

"मंग न्या की."

"कुठून नेऊ? तुझ्या खेमालाच इचार वाट हाय का ती."

नानीबाईचा नवरा खेमा पूर्वी महिन्यातून दोनदा मीठ आणि कापड घेऊन पलीकडून यायचा. त्याला वाट विचारायची गरज नव्हती. गावापासून दोन कोसांवर कनेरगावचा नाका, नाक्यापलीकडे वऱ्हाड, आणि वऱ्हाडात दीड दिवसाच्या वाटेवर टेकावरची देवी. पण दिवाळीपासून नाक्यावर निजामाचे शिपाई कडक झाले होते आणि वाटांवर रझाकार फिरत होते. दोन गाड्या लुटल्या गेल्या, एक माणूस परतलाच नाही. त्यानंतर गावातून त्या दिशेला कोणी बैल जुंपला नव्हता.

वसमतकडे, सासरी, मनकर्णेची दोन लेकरं दगावली होती. एक तेराव्या दिवशी, दुसरं रांगता रांगता. तिसऱ्याच्या वेळी द्वारकाबाई स्वतः जाऊन लेकीला घेऊन आली. बाळ झालं तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं, उकंडा नाव ठेवलं, कुणाचा डोळा लागू नये म्हणून. आणि बाराव्या दिवशी वऱ्हाडाकडे तोंड करून द्वारकाबाई नवस बोलली होती, "दोन नेलीस, हे राहू दे. ह्याचा पयला घास तुझ्या प्रसादाचा. त्याच्या आधी धान्याचा कण जर ह्याच्या ओठाला लागला, तर तुझं तू माघारी ने."

सहाव्या महिन्यात मनकर्णाच तापानं अंथरुणाला खिळली. ती उठेपर्यंत उन्हाळा, मग ओढे भरलेले, मग ही दंगल. उष्टावण एकेका महिन्यानं पुढे जात राहिलं.

नानीबाई जाताना मनकर्णेजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "देवीला पांढरं लेकरू आवडत असंल तर ठिवा असंच."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी उकंडा भिंतीपाशीही गेला नाही. वाकळेवर पडून राहिला. त्याच्या गळ्याच्या खोबणीत काहीतरी भराभरा उडत होतं. मनकर्णेनं त्यावर बोट ठेवलं आणि उचललं. सासरच्या घरात दुसऱ्या लेकराच्या गळ्यातही असंच उडताना तिनं पाहिलं होतं.

ती उठली. टोपल्यातली भाकरी वरणाच्या पाण्यात कुस्करली, बोटांनी पार मेण केलं. लेकराचं डोकं मांडीवर घेतलं. घास ओठांपर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला. माघारी ने. मायचे ते शब्द तिनं स्वतः ऐकले होते. घासातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, पण हात ना पुढे गेला ना मागे आला.

द्वारकाबाई दारात उभी होती. किती वेळची, कुणास ठाऊक. ती आत आली आणि लेकीच्या हातातली वाटी काढून घेतली.

"पोराला हिकडं दे. आन तू भिंतीकडं तोंड कर."

"काहून?"

"कर म्हन्ते ना."

मनकर्णा भिंतीकडे तोंड करून बसली. पाठीमागे बांगडीचा आवाज नाही, बोलणं नाही. मग जिभेचा चुटूक असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा आला.

"नवस म्या बोलले व्हते," माय म्हणाली. "तू कायबी केलं न्हाई. तू पायलंबी न्हाई."

वाटी खाली ठेवून द्वारकाबाई अंगणात गेली. उन्हात उभं राहून वऱ्हाडाकडे हात जोडून ती बराच वेळ पुटपुटत होती.

"काय बोललीस?" ती आत आल्यावर मनकर्णेनं विचारलं.

"माझं माझ्यापाशी."

ती सगळी रात्र मनकर्णा लेकराच्या छातीवर हात ठेवून बसली. सकाळी छाती चालूच होती.

पहिले काही दिवस त्यानं खाल्लेलं ओकून टाकलं. मग ठरू लागलं. नानीबाईनं हरभऱ्याचा वाळवलेला पाला आणून दिला, लोखंडी तव्यावर शिजवायला सांगितला. कधी मूठभर अळीव, कधी अंबाडी. ज्येष्ठात उकंडा भिंत सोडून चुलीपाशी बसू लागला. एकदा घास भरवताना त्यानं मनकर्णेचं बोट इतकं करकचून चावलं, की ती ओरडली आणि ओरडता ओरडता हसू लागली.

"पाय माय, चावला!"

"चावंल न्हाई तर काय," उंबऱ्यावर बसलेली द्वारकाबाई म्हणाली. ती आजकाल तिथंच बसलेली असायची. शेळीपासून उंबऱ्यापर्यंत यायचं, टेकायचं, दम खायचा. मनकर्णेचं लक्ष लेकराच्या नखांवर होतं. त्या नखांत रोज थोडा रंग चढत होता आणि ती रोज बघत होती.

आषाढात एके सकाळी ती शेण आणायला मागच्या अंगणात गेली. माय शेळीपुढे बसून आपल्या वाट्याची भाकरी तिला तुकडा तुकडा चारत होती.

"माय, हे काय करून राह्यलीस?"

द्वारकाबाईनं उरलेला तुकडा लपवला नाही, तोही शेळीला दिला.

"शेळी दूध देती. तिला नको का?"

"आन तू?"

"म्या दूध पिते की."

"नुसतं दूध? कवाधरनं?"

मायनं तिच्याकडे पाहिलं नाही. मनकर्णेला ती दुपार आठवली, अंगणातलं ऊन आणि पुटपुटणं.

"देवीला सांगितलं म्या," द्वारकाबाई म्हणाली. "लेकराच्या पोटाला लागू दे. त्याच्या जागी म्या बसते. त्याला तुझ्या पायाशी आनंस्तवर कण तोंडात घेनार न्हाई. आन घेतला, तर नेयाचं ते मला ने."

"अगं पन तुला काय झालं मंजी?"

"मला आता काय व्हायचं राह्यलं? दात तरी कुठं हाईत भाकर चावाया."

मनकर्णा रडली, भांडली, पाया पडली. दोन दिवस तिनंही अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी उकंडा दुधासाठी तिच्या छातीशी धडपडू लागला, तेव्हा माय म्हणाली, "दूध आटंल तुझं. उठ, जेव." आणि ती जेवली. मायच्या समोर बसून, मान खाली घालून जेवली.

श्रावण लागला तोवर द्वारकाबाईच्या पायांवर सूज आली होती. तळहात पोतारलेल्या भिंतीसारखे झाले होते. शेळीची धार काढताना तिच्या बोटांत जोर राहत नसे. देवीचा प्रसाद आणशील का, असं खेमाला विचारायला मनकर्णा तांड्यावर गेली.

खेमा झोपडीत होता. ज्येष्ठात तो चोरवाटेनं शेवटचा पलीकडे गेला, नाल्याकाठी त्याच्यावर गोळी सुटली, आणि मिठाचं पोतं तिथंच टाकून तो पळत आला होता. "बाई, पाया पडतो," तो म्हणाला, "सोनं दिलं तरी जानार न्हाई." आणि उठून बाहेर गेला.

मनकर्णा चुलीपाशी बसून राहिली. मग तिनं ओच्यात बांधून आणलेली जवारी काढली आणि नानीबाईपुढे ठेवली. ती घरूनच ठरवून आली होती, हे तिचं तिलाच तेव्हा कळलं.

नानीबाईनं जवारीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि खापर चुलीवर ठेवलं. लाह्या तडतडू लागल्या. मनकर्णेनं गूळ वितळवला, लाह्यांवर ओतून दोन्ही हातांनी कालवला, वरून चिमूटभर हळद-कुंकू टाकलं. नानीबाईनं आपल्या जुन्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, लाल तुकडा फाडून दिला.

"देवी कोपली तर?"

"माझ्यावर कोपंल."

"आन मायनं वळखलं तर?"

मनकर्णेनं पुरचुंडीची गाठ मारली. हात धुवायलाही न थांबता ती निघाली.

द्वारकाबाई ओसरीवर पडली होती. शेजारी उकंडा पायलीत खडे भरून ओतत होता, पुन्हा भरत होता. मनकर्णेनं पुरचुंडी मायच्या उशाशी ठेवली.

"खेमाभाऊ जाऊन आला," ती म्हणाली. "टेकावर जाऊन आला. देवीला उकंडाचं नाव सांगितलं, तुझं सांगितलं. हा प्रसाद दिला पुजाऱ्यानं. म्हनला, येता येत न्हाई तर हितंच उष्टवा, देवीला पावलं."

द्वारकाबाई उठून बसली. बसायला वेळ लागला. तिनं गाठ सोडली, लाह्या पाहिल्या, एक लाही उचलून नाकाशी नेली.

"खेमा गेलता?"

"व्हय."

"कवा?"

"सोमवारी गेला. काल आला."

मायनं उकंडाला जवळ ओढलं आणि त्याच्या तोंडात दोन लाह्या घातल्या. तो कुडुमकुडुम खाऊ लागला, आणखी मागू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याला लेकीसमोर बसवलं.

"ह्याच्या डोक्यावर हात ठिवून सांग."

मनकर्णा अंगणाकडे बघू लागली. शेळी ओरडत होती.

"सांग, मनकर्णे. खेमा गेलता म्हून."

उकंडाच्या जावळात लाहीचा भुगा अडकला होता. त्याचे कान उन्हात लाल दिसत होते. मनकर्णेनं त्या कानांकडे पाहिलं, मग मायच्या पायांवरच्या सुजेकडे पाहिलं. तिचा हात मांडीवरून उठला. लेकराच्या टाळूपासून तो वीतभर राहिला, तेव्हा मायनं मनगट धरलं. तिची बोटं थंडगार होती.

"राहू दे," द्वारकाबाई म्हणाली. "बांगड्यांपस्तोर गूळ लागलाय तुझ्या हाताला. केस चिकटतील लेकराचे."

तिनं मनगट सोडलं. वऱ्हाडाकडे तोंड करून बसली, चिमूटभर लाह्या घेऊन कपाळाला लावल्या आणि तोंडात टाकल्या. मग डोळे मिटून, हिरड्यांनी, त्या हळूहळू चघळत राहिली.