पाठीवर मोर असलेला बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे. रुपयापेक्षा थोडा मोठा, पत्र्याचा, एका बाजूने चेपलेला. माझ्या तिन्ही रंगांचे पोपडे निघालेत. मधला चरखा हा चरखा आहे की बैलगाडीचं चाक, हे आता सांगावं लागतं. पण मित्रांनो, “अरेरे, बिचारा!” असं म्हणायला जवळ येणार असाल, तर लांबच उभे राहा. मला कीव चालत नाही. मी जिच्या पदरावर राहिलो, तिलाही ती चालत नव्हती.

माझा जन्म नाशिकचा, एकोणीसशे बत्तीस सालचा. त्याआधी मी मोर छाप चहाच्या एका मोठ्या चौकोनी डब्याचा भाग होतो. निळ्या रंगावर पिसारा फुलवलेला मोर, असं त्या डब्याचं रूप होतं. चहा संपला, डबा भंगारात गेला आणि तिथून जमीलभाई पत्रेवाल्यांच्या अंगणात येऊन पडला. जमीलभाई तांबट आळीच्या मागच्या बोळात राहायचे. कंदील, नरसाळी, पिठाचे डबे करायचे आणि दिवसातून दहा शब्द बोलायचे.

त्या वर्षी सरकारने चळवळीवर बंदी घातली होती. मुंबईहून येणारे छापील बिल्ले वाटेतच जप्त व्हायचे. तीन रंगांचा बिल्ला छातीवर दिसला की पोलीस माणसाला धरून न्यायचे. म्हणून तर तो सगळ्यांना हवा होता! बंदी नसती तर किती जणांनी लावला असता, देव जाणे.

मागणी घेऊन आली ती सिंधुबाई. शेजारच्या बोळात राहायची, कारखान्यात विड्या वळायची आणि तोंडाने अशी फटकळ, की मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा.

“जमीलभाई, शंभर बिल्ले पायजेत,” ती म्हणाली. “पन बोभाटा नाय झाला पायजे.”

“मग रात्री नाही ठोकणार,” जमीलभाई म्हणाले. “रात्री एक ठोका मारला तरी गल्ली जागी होते. भर दुपारी ठोकतो. तांबटांच्या एवढ्या हातोड्यांत माझी एक कोण ऐकतो?”

झालंही तसंच. तांबट आळीत हंडे-कळश्यांवर ठाण ठाण चालू असायची आणि त्या गदारोळात जमीलभाई डब्याचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून त्यावर गोल छिन्नी धरायचे. एक ठोका, एक चकती. असा मी पडलो. पुढची बाजू कोरी, पाठीवर मोराचा डोळा आणि चोच.

लोक म्हणतात, बिल्ला जमीलभाईंनी केला. हे अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचा मला भारी राग येतो. त्यांच्या बायकोने, जैतुनबीने, मला हातात घेतलं आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट कापलं.

“ही धार बायकांची पातळं फाडील,” ती म्हणाली. “काठ दुमडायला पाहिजे.”

“शंभर काठ? आठ दिवस जातील.”

“जाऊ द्या. तुम्ही ठोका, मी दुमडते.”

पकडीने कड आत वळवून, बारीक ठोकून तिने एकेक चकती गुळगुळीत केली. काठ दुमडला की चकती दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचाने, लहान होते. हे पत्र्याचं काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं. तुम्हीही ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. मग कथलाचा डाग देऊन पाठीला पिन जोडली, रंग दिला, चरखा काढला. चरख्याला आठ आरे काढायचं तिच्या मनात होतं, सहाच मावले. सहा आऱ्यांवर माझं कधी काही अडलं नाही.

आता चूक सांगतो. चकत्या पाडून झाल्यावर भोकांची जाळी उरली. शहाण्या माणसाने ती गोदावरीत टाकली असती. पण पत्रेवाल्याच्या घरात पत्र्याचा तुकडा फेकत नाहीत. जुन्या कंदिलाचं नरसाळं होतं, नरसाळ्याची किसणी होते. जैतुनबीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हतं. तिला एवढी छान गोल भोकांची जाळी फेकवेना. तिने ती छापील बाजू बाहेर ठेवून खुराड्याला ठोकली. अख्खं अंगण ओलांडून दिसेल असा भोकाभोकांचा निळा मोर! आणि त्याला नेमकं डोकं नव्हतं, कारण ते माझ्या पाठीवर होतं.

पहिली प्रभातफेरी भद्रकालीपासून निघाली. मी सिंधुबाईच्या पदरावर होतो. शेजारी कापडवाले मोतीरामशेठ चालले होते, त्यांच्या कोटावर माझा भाऊ होता. वळणावर पोलीस दिसले मात्र, शेठनी माझ्या भावाला काढलं, गटारात टाकलं आणि समोरच्या गवळ्याला दुधाचा भाव विचारायला लागले. गवळ्याने तो सांगितलाही. सिंधुबाईने मात्र पदर आणखी नीट केला, म्हणजे मी जरा जास्त दिसावा.

ठाण्यात फौजदाराने मला उपटून टेबलावर आपटलं. मी चेपलो आहे तो तेव्हाचा. मग त्याने मला उलटं केलं आणि मोराचा डोळा पाहून त्याचे डोळे चमकले.

“हा मुंबईचा माल नाही. इथलाच कोणी पत्रेवाला आहे,” तो म्हणाला. “बाई, त्याचं नाव सांग आणि आत्ता घरी जा. नाहीतर सहा महिने आत. विडीचं कामही जाईल.”

मित्रांनो, माझ्या अंगात रक्त नाही, तरी त्या वेळी मी गार पडलो. नाव निघालं असतं तर जमीलभाईंची हत्यारं गेली असती, ते स्वतः गेले असते. हत्याराशिवाय पत्रेवाला म्हणजे नुसते दोन हात.

“कोनी केला, ते मला काय म्हाईत?” सिंधुबाई म्हणाली. “भाजीबाजारात उगवत्यात फौजदारसाहेब. पावशेर देऊ का?”

तिला दोन दिवस कोठडीत ठेवलं. रोज तोच प्रश्न आणि रोज पावशेर. तिसऱ्या दिवशी फौजदार वैतागला. मला खिशात टाकून, दोन शिपाई घेऊन तो स्वतःच पत्रेवाल्यांची घरं धुंडाळायला निघाला. चौथं घर जमीलभाईंचं.

जैतुनबी कोंबड्यांना कण्या टाकत होती. जमीलभाईंची हातोडी वर गेली ती वरच राहिली. फौजदाराने खुराडं पाहिलं, बिनडोक्याचा मोर पाहिला आणि असा हसला, की मला वाटलं, आता संपलं. त्याने मला खिशातून काढलं, पाठ वर केली आणि मोराच्या मानेवरच्या भोकात बसवायला गेला.

मी आरपार गेलो. ठण्णकन आत पडलो आणि कोंबड्यांनी एकच कालवा केला.

शिपायाने मला बाहेर काढलं. फौजदाराने दुसरं भोक धरलं. मी पुन्हा आरपार! तुम्हाला आठवतं ना ते दोन सुतांचं? त्याला ते ठाऊक नव्हतं. कागदांवर सह्या करणारा माणूस तो, दुमडलेल्या काठाच्या आत काय असतं हे त्याला कुठून कळणार?

“साहेब,” जैतुनबी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “भोक मोठं, बिल्ला छोटा. माझ्या कोंबड्यांना पण समजलं ते.”

“पण हा मोर?” फौजदार ओरडला. “हा मोर सारखाच आहे!”

“मोर छाप चहा तर सगळा गाव पितो. तुमच्या ठाण्यात कुठला डबा आहे, सांगा ना.”

एक शिपाई फस्सकन हसला. तोच ठाण्यात चहा करायचा. फौजदार लालबुंद झाला आणि मला काढायला त्याने स्वतः खुराड्यात हात घातला. तिथे एक तांबडा कोंबडा होता, त्याला परक्याचा हात अजिबात खपत नसे. त्याने जी चोच मारली, ती मारली! फौजदार बोट चोखत उठला.

“राहू दे तो बिल्ला तिथेच! घाणीत पडू दे!” असं म्हणून तो गेला.

तर मी घाणीत पडून होतो. पाठीवर कोंबडीची शीट, वर खुराड्याचा अंधार. आणि खरं सांगतो, आयुष्यात माझी मान एवढी ताठ कधी झाली नाही. बाहेर जमीलभाईंची वर राहिलेली हातोडी खाली आली. त्या दुपारी त्यांनी नवा डबा फोडला आणि आणखी पन्नास चकत्या पाडल्या. भीतीने काम थांबवायचं नसतं, हे त्यांनी बोलून नाही दाखवलं, ठोकून दाखवलं.

सिंधुबाईला मात्र सहा महिने झालेच. सुटली त्या दिवशी जैतुनबीने मला धुऊन-पुसून तिच्या हातात ठेवलं. दोघी नुसत्या रडल्या. मला रडता येत नाही म्हणून मी चरफडत राहिलो. विडीच्या कारखान्याने तिला परत घेतलं नाही. मग तिने दहीपुलाजवळ पिना, फिती आणि बटणं घेऊन बैठक मांडली.

तिथे तिला बिल्ल्यांचा नाद लागला. पोरं फितीच्या बदल्यात बिल्ला द्यायची आणि ती मला ज्या डबीत ठेवायची, त्याच डबीत तो येऊन पडायचा. पस्तीस साली इंग्रजांच्या राजाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळाशाळांतून बिल्ले वाटले. त्यातला एक आला. विलायती, गुळगुळीत, दाढीवाला राजा. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, “जरा सरक.” मी सरकलो नाही. एक बोलपटातली नटी आली. तिला फार गर्व, कारण पहिल्या खेळाच्या पहिल्या पन्नास तिकिटांबरोबरच ती मिळायची. आणि एक दिवस मोर छाप चहाच्या कंपनीचाच फुकट वाटलेला बिल्ला आला. “माझ्यावर मोर आहे,” तो म्हणाला. मी नुसती पाठ फिरवली. तेव्हापासून तो मला दादा म्हणतो.

बिल्ल्यांचं असंच असतं. कोणी खाऊबरोबर मिळतो, कोणी तिकिटाबरोबर, कोणी चहाबरोबर. मी सहा महिन्यांबरोबर मिळालो. त्या डबीत माझी जागा मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग सदतीस साल आलं. निवडणुका झाल्या, मुंबईत आपल्या माणसांचं मंत्रिमंडळ बसलं. एकाएकी सगळ्या गावाच्या कोटांवर बिल्ले उगवले, तेही चकचकीत! चळवळीच्या आठवणींचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. प्रमुख कोण? मोतीरामशेठ. ते स्वतः दहीपुलावर आले आणि मला मागून घेऊन गेले. सिंधुबाईने मला दिलं, आणि गोणपाटात गुंडाळून आणखी एक वस्तूही दिली. ती वस्तू त्यांच्या माणसांनी भंगार म्हणून दाराबाहेर टेकवून ठेवली.

प्रदर्शनाच्या सकाळी मी काचेखाली होतो. शेजारी सुंदर अक्षरांत चिठ्ठी होती: ‘चळवळीतील बिल्ला. मुंबई येथे तयार झालेला. मोतीरामशेठ यांच्या संग्रहातून.’

मित्रांनो, मला फौजदाराने आपटलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं. जमीलभाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ते या चिठ्ठीला उत्तर द्यायला येणार नव्हते. जैतुनबी बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती आनंदात होती. ते तर मला आणखीच सोसेना.

सिंधुबाईनेही शेजारच्या मास्तरांकडून चिठ्ठी वाचून घेतली. मग ती उठली, काच बाजूला केली, मला उचलून पदरावर लावलं आणि भरल्या सभेत उभी राहिली.

“सिंधुबाई, काय असेल ते नंतर,” मोतीरामशेठ हळूच म्हणाले. “नावं कशाला काढायची उगाच? कारागीर काय, हजार असतात.”

“फौजदारानं सा महिने दिले, तरी मी येक नाव नाय घेतलं,” सिंधुबाईचा आवाज दारापर्यंत गेला. “आज फुकटात सांगते, ऐका. जमील पत्रेवाला! आन् त्याची बायको जैतुनबी! मुंबई नाय, तांबट आळीचा मागचा बोळ! आन् शेठ, तुमचा बिल्ला कुटंय हो? गटारात बघू का?”

सभा हसली. तो गवळीही सभेत होता, तो सगळ्यांत मोठ्याने हसला. शेठ खाली बसले.

सिंधुबाईने बाहेरची गोणपाटातली वस्तू आत आणवली. जैतुनबीकडून मागून आणलेलं खुराड्याचं दार. निळा मोर गंजला होता, एका कोपऱ्यात अजून पीस अडकलेलं होतं. तिने जैतुनबीला पुढे बोलावून दाराच्या मागे उभं केलं.

“भाभी, हात धर,” ती म्हणाली आणि तिने मला मोराच्या मानेवरच्या भोकात लावलं.

मी आरपार गेलो. आत जैतुनबीचा तळहात होता. तिने ज्या बोटाला माझी धार लागली होती, त्याच बोटाने माझा काठ चाचपला. “दुमडलेला आहे अजून,” ती म्हणाली.

आज मी पुन्हा सिंधुबाईच्या डबीत आहे. माझ्याबरोबर नवी चिठ्ठी आहे, तिच्यावर दोन नावं आहेत. जुन्या वस्तू जपा, असं सगळेच सांगतात. मी तेवढ्यावर तुम्हाला सोडणार नाही. मला घासू नका, नवा रंग देऊ नका. जुनी वस्तू हातात आली की ती उलटी करा, तिची पाठ बघा. कोणी केली, ते विचारत राहा. नाव मिळालं, तर ते काचेखालच्या चिठ्ठीवर लिहून गप्प बसू नका. भर सभेत उभे राहा आणि मोठ्याने सांगा.