नामदिनाचे पाहुणे

बल्गेरियातल्या आमच्या प्लोव्हदिव्हमध्ये नामदिनाला कुणी आमंत्रण देत नाही. त्या दिवशीच्या संताचं नाव ज्याला असेल त्याच्या दारी लोक आपणहून येतात. आमच्या मालकाचं नाव ट्रिफोन, त्यामुळे एक फेब्रुवारीला, संत ट्रिफोनच्या दिवशी, ऑफिसात सकाळपासून निम्मं गाव. घरच्या वाईनचे पेले फिरत होते आणि वायफायचा पासवर्ड ट्रिफोननेच मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिला होता.

नेटवर्क मी सांभाळते. फोन जोडला की त्याला एक पत्ता मिळतो, आणि पत्ते मोजकेच असतात. पाहुण्यांचा पत्ता तासाभराने सुटावा, असं मी मागेच सुचवलं होतं. तेव्हा ट्रिफोन छाती फुगवून म्हणाला होता, "इव्हेलिना, माझ्या दारातला पाहुणा उठवायचा नाही. आठवडाभर राहू दे."

राहिले बिचारे.

तीन वाजता ऑस्ट्रियाच्या गिऱ्हाइकाशी बोलणं होतं, मिरचीच्या चटणीचं वर्षभराचं काम. ट्रिफोनने ऐटीत नवा लॅपटॉप उघडला, दाखवायचं सगळं त्यातच. सिग्नल भरपूर, पण जोडणी होईना. आमची यंत्रं कालपासूनच पत्ता धरून होती, म्हणून ती चालत होती. झालं, सगळ्यांदेखत तो माझ्यावर घसरला. म्हणे मी मुद्दाम खोडी काढली. गिऱ्हाईक गेलं तर मलाही घरी बसवणार. माझंही डोकं तापलं.

आधी वाटलं, एवढ्या गर्दीने वायफायचं यंत्र दमलं असेल. ते निवांत होतं, संपले होते ते पत्ते. पंगत उठली तरी पाट अडवलेलेच. सकाळीच येऊन गेलेल्या पाद्रीबाबांचाही पत्ता राखून ठेवलेला. शेवटचा मिळाला होता सोफ्यावर मालिका बघत बसलेल्या पेन्काबाईंना, म्हणजे ट्रिफोनच्या सासूला.

हे कळताच तो सासूपुढे जाऊन मऊ आवाजात फोन बंद करायला विनवू लागला. भाग संपेपर्यंत बाईंनी मान वर केली नाही. मग केला बंद. लॅपटॉप ढिम्म.

"बंद करून भागत नाही साहेब," मी म्हणाले. "जागा आठवडाभर त्यांचीच. तुमचाच हुकूम."

"मग काढ ना त्यांना."

"मी कशी काढू? पाहुणा उठवायचा नाही. तुम्हीच सांगा, सगळ्यांदेखत."

तीन वाजतच आले होते. ट्रिफोनने घसा खाकरला आणि भरल्या ऑफिसात म्हणाला, "चूक इव्हेलिनाची नाही, माझी आहे. सासूबाईंना काढून टाक."

गिऱ्हाईक मिळालं, माझी नोकरीही राहिली. पेन्काबाई मात्र अजून जावयाकडे जेवायला गेल्या की दारातच विचारतात, "बसू ना रे? की काढून टाकणार?"