पिट्सबर्गची बोली आणि ड्रेटनचा गुडघा

बास्केटबॉलच्या धंद्यात एक अजब कायदा आहे. पहिला करार संपलेला तरुण खेळाडू उन्हाळ्यात बाजारात उतरतो, हव्या त्या संघाशी बोलतो, त्यांच्याकडे जेवतो, सहीसुद्धा करतो. पण दावं जुन्या संघाच्याच हातात राहतं. नव्या संघाने जी बोली लावली असेल तीच आम्हीही देतो, एवढं जुन्या संघाने म्हटलं की संपलं, पोरगा जिथल्या तिथे. मांडवात अक्षता पडायच्या आधी कुणी ओळखीतला उठून "मी आहे की" म्हणाला आणि नवरदेव बदलला, तसाच हा प्रकार. नवरीला कुणी विचारत नाही.

डॉ. नॅडीन स्ट्रोबेल सेंट लुईसच्या संघाची डॉक्टर. तिचे केस याच नोकरीत पांढरे झाले, तरी दर जुलैला या कायद्याचं तिला नव्याने आश्चर्य वाटायचं. या वर्षी तर जास्तच, कारण या वर्षीचा खेळाडू होता ड्रेटन पुलियम.

ड्रेटन पदुका नावाच्या गावचा. उंच, लाजरा, आणि उडी अशी की पहिल्यांदा पाहणारा माणूस हातातलं सँडविच खाली ठेवतो. विसाव्या वर्षी त्याचा डावा गुडघा फाटला होता आणि तो नॅडीननेच शिवला होता. त्यानंतर तो परत उभा राहिला, पण संघात त्याच्याच जागेवर लॅमॉन्ट व्हेसी खेळायचा, शहराचा लाडका, पस्तिशीचा. ड्रेटन बाकावर बसायचा. सामना जिंकला किंवा पार हरला की शेवटी शेवटी त्याला आत सोडायचे.

पिट्सबर्गवाल्यांनी मात्र त्याला नीट पाहिलं होतं. पहिल्या दिवसापासून तू खेळणार, असं त्यांनी सांगितलं आणि गुडघा तपासायलाही न थांबता कागद पुढे केला, इतकी त्यांना घाई. ड्रेटनने सही केली. बोली जुळवायची मुदत संपायला थोडा वेळ उरला असताना सेंट लुईसने बोलीला बोली लावली. शहरात फटाके वाजले. आमचा पोरगा आम्ही सोडला नाही, म्हणून लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवले.

खरी गोष्ट नॅडीनला दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना कळली. संघाचा जनरल मॅनेजर ऑगी ब्रँड्ट तळलेली रॅव्हिओली सॉसमध्ये बुडवत होता आणि खुशीत होता.

"म्हणजे आता त्याला खेळवणार तू," ती म्हणाली.

"कुठे? लॅमॉन्ट आहे ना अजून दोन वर्षं."

"मग घेतलास कशाला?"

"पिट्सबर्गला फुकट द्यायचा? वर्षात चार वेळा त्यांच्याशी खेळतो आपण. आपल्याच पोराने आपल्याच डोक्यावरून बॉल टाकायचा? बसू दे बाकावर. पुढल्या वर्षी कुणाला तरी देऊन काहीतरी चांगलं घेऊ." त्याने बोटं पुसली. "उद्या त्याला तपासून घे तेवढा. नुसता सोपस्कार."

"आणि नापास झाला तर?"

"तर मी बोली मागे घेतो. पिट्सबर्गचा कागद आपोआप उभा राहतो. मोडका गुडघा त्यांनीच सांभाळावा, मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन!" ऑगी स्वतःच्याच विनोदावर हसला.

नॅडीनला हसू आलं नाही. पैसे इथे तेवढेच, तिथे तेवढेच. फरक फक्त एवढा, की तिथे तो खेळला असता आणि इथे त्याने बसून राहायचं. आणि या दोन्हींच्या मधे आता तिची एक सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेटन लंगडत आला.

चांगलाच लंगडत होता. पार्किंगपासूनच लंगडत आला असावा, कारण दारावरच्या माणसाने त्याला हात दिला होता. टेबलावर बसताना त्याने दात आवळले.

"काय झालं?" नॅडीनने विचारलं.

"दुखतोय, डॉक्टर. आठवडा झाला. जिना चढताना जीव जातो."

तिने गुडघा वाकवला, सरळ केला, हलवून पाहिला. तिने आत बांधलेली अस्थिबंधाची दोरी जागच्या जागी होती, घट्ट. मग तिने टेप काढली आणि आधी उजवी मांडी मोजली, मग डावी. दोन्ही सारख्या. दुखरा पाय माणूस नकळत वाचवतो आणि वाचवलेला पाय वाळतो. हा पाय कुणी वाचवलेला नव्हता. या पायाला कुणीतरी रोज भरपूर घाम गाळायला लावला होता.

तिने टेप गुंडाळली. "ड्रेटन, तोंड खोटं बोलतं. मांडी नाही बोलत."

तो लाल झाला.

"तुम्हाला माहितीये ना मला इथे का ठेवलंय?" तो म्हणाला. "पाऊस आलाच तर असावी म्हणून कोपऱ्यात छत्री ठेवतात ना, ते मी. माझी आई प्रत्येक सामना बघते. मी आत येईपर्यंत जागी राहते बिचारी, आणि मी येतो तेव्हा निम्मे लोक पार्किंगमध्ये पोचलेले असतात. डॉक्टर, मला खेळायचंय. मला बाकी काही नको. तुम्ही फक्त 'दुखतो' असं लिहा."

नॅडीन खिडकीशी गेली. बाहेर जुलैचं चिकट ऊन पडलं होतं. खोटं लिहिणं तिला जमणारं नव्हतं. आयुष्यात लिहिलं नव्हतं आणि आता या वयात सुरुवात करायची नव्हती. पण या पोराला बाकावर कुजताना बघणंही तिला जमणार नव्हतं. तिला ऑगीचा राग आला, कायद्याचा आला, आणि एवढा चांगला गुडघा शिवल्याबद्दल स्वतःचाही आला.

"हे बघ," ती म्हणाली. "दिसेल ते मी लिहीन. न दिसलेलं लिहिणार नाही. आता उडीची चाचणी आहे. खांबावर जी पट्टी तू हलवशील, तिचा आकडा मी लिहिणार. तू किती जोर लावलास ते खांब सांगत नाही, आणि मी विचारणार नाही."

ड्रेटनने मान वर केली. त्याला कळलं होतं.

"थँक्यू, डॉक्टर."

"थँक्यू बिंक्यू काही नाही. चल."

सरावाच्या हॉलमध्ये खांब उभा होता. त्याला वरपर्यंत प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एकीवर एक. खाली उभं राहायचं, उडायचं आणि हाताने जितकी वरची पट्टी हलवता येईल तितकी हलवायची. उड्या तीन, आणि आकडा कमी पडला की नापास. खांबाशेजारी लेम होता. लेम्युएल गेट्स, संघाचा व्यायाम शिक्षक, बैलासारखा दणकट माणूस. गुडघा शिवल्यावर ड्रेटनला पुन्हा चालायला शिकवलं ते यानेच. वर्षभर पहाटे उठून त्याला तलावात चालवलं होतं, शिव्या देत, गाणी म्हणत.

ऑगीसुद्धा आला होता. दाराशी उभा राहून फोनवर बोलत होता.

"चल रे बेडका!" लेम ओरडला. "साहेबांना दाखव आपण काय चीज आहे ते!"

ड्रेटन खांबाखाली गेला. उडाला. हात जेमतेम खालच्या पट्ट्यांना लागला.

लेमचं हसू तसंच राहिलं, पण जरा तिरकं झालं. "अंग गरम नाही झालं वाटतं. परत."

ड्रेटन परत उडाला. या खेपेस आणखी खाली. उतरताना त्याने डावा पाय झटकला आणि तोंड वाकडं केलं.

ऑगीने फोन कानापासून दूर धरला. "नॅडीन, काय आहे हे?"

"दिसतंय ते," ती म्हणाली. हातातल्या कागदावर तिने आकडा लिहिला. खरा आकडा. तिचं मन म्हणत होतं, एक उडी उरली, पोरा, निभाव.

तेवढ्यात तिचं लक्ष लेमकडे गेलं आणि तिला वाटलं, इकडे बघायला नको होतं.

लेम खांबाला धरून उभा होता. एवढा मोठा माणूस, पण चेहरा असा की कुणी त्याच्या घरी वाईट बातमी घेऊन आलंय. त्याला कटकारस्थान काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं, की वर्षभर जपून उभा केलेला पाय गेला.

"माझंच चुकलं," तो हळू आवाजात ड्रेटनला म्हणाला. "लवकर पळवलं मी तुला. डॉक्टर सांगत होत्या, थांब. मलाच घाई. माफ कर रे बाबा."

ड्रेटन त्याच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि दारात ऑगी उभा होता म्हणून मिटलं. त्याने नॅडीनकडे पाहिलं. तिने नजर कागदावर वळवली.

मग त्याने शर्टाला हात पुसले. खांबाखाली गेला. दोन्ही पाय सारखे टेकवले, गुडघे वाकवले आणि गेला.

नॅडीनने माणसांचे गुडघे आतून पाहिले होते. तिथे काय असतं ते तिला ठाऊक होतं: हाड, दोरी, थोडं पाणी. एवढ्या सामानावर माणूस वर जाऊ शकतो इथपर्यंत तिची समजूत होती. पण हा जाऊन थांबेना. पट्ट्या एकामागून एक फटाफट वळत गेल्या, आणि तो वर अडकून राहिल्यासारखा राहिला, घाई नसल्यासारखा. तिच्या अंगावर काटा आला. हात जोडावेत असं तिला वाटलं. देवळात वाटतं तसं, आणि ती कुठल्याच देवळात जाणारी बाई नव्हती. सगळ्यात वरची पट्टी वळली. मग तो खाली आला, डाव्या पायावर, अलगद.

ऑगीचा फोन हातात तसाच बोलत होता.

"अरे माझ्या राजा!" लेम रडत होता आणि हसत होता आणि खांबावर थापा मारत होता. "मला घाबरवतोस? म्हाताऱ्याची थट्टा करतोस? गुडघा आहे का स्प्रिंग!"

"थट्टाच केली," ड्रेटन म्हणाला. "तुझं काहीच चुकलं नाही, लेम. लोखंड आहे गुडघा."

मग तो नॅडीनसमोर येऊन उभा राहिला. लंगडणं कुठल्या कुठे गेलं होतं. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

"लिहा, डॉक्टर."

तिने लिहिलं. पास. अक्षर थोडं वेडंवाकडं आलं. दाराशी ऑगीने फोन बंद केला आणि वरच्या पट्टीकडे बघत राहिला.

"अजून एकदा!" लेमने खांब ताणून उंच केला, हात वर करावा लागला त्यासाठी त्याला. "एकदाच, माझ्यासाठी!"

ड्रेटनने नाक पुसलं आणि परत खांबाखाली जाऊन उभा राहिला.